जुन्या प्लेअरवर घरची डिस्क "नो डिस्क" दाखवते? लेन्सचे पैसे देण्याआधी वाचा

ताई, लेन्सचे पैसे अजून दिले नसतील तर थांबा जरा.

तुम्ही लिहिलंय की जत्रेतल्या नाटकाचं मोबाईलवरचं शूटिंग सासऱ्यांसाठी डीव्हीडीवर घातलं, लॅपटॉपवर छान चालतं, त्यांच्या जुन्या प्लेअरवर मात्र "नो डिस्क", विकतची सिनेमाची डिस्क लावली तर चालते, आणि फोंड्याचा रिपेरवाला म्हणतो लेन्स बदला. आमच्याकडे डिचोलीला हेच्च झालेलं, फक्त सासऱ्यांच्या जागी आमची आई. तिला पेनड्राइव्ह नको, यूट्यूब नको, ट्रे बाहेर आला पाहिजे आणि त्यात डिस्क ठेवता आली पाहिजे. म्हणून जरा लांबण लावतोय. मी इंजिनिअर नाही, पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं आणि इकडेतिकडे वाचलेलं, तुमच्या प्लेअरला लागू पडेलच असं नाही.

मोबाईलची एमपीफोर फाईल तशीच ड्रॅग करून टाकलेली नाही, रीतसर व्हिडिओ_टीएस फोल्डर (प्लेअरला कळते ती डीव्हीडीची मांडणी) बनवलाय आणि डिस्क फायनलाइज, म्हणजे बर्न झाल्यावर शेवटी बंद, केलीय असं धरून चालतो. तसं नसेल तर आधी ते करा, बाकीचं मग.

आता डिस्कच्या पाकिटावर बघा, मायनस आर (DVD-R) आहे की प्लस आर (DVD+R), घरी बर्न करायच्या डिस्कच्या या दोन जाती. तुम्ही ते लिहिलेलंच नाही, पण मला जवळजवळ खात्री आहे की प्लस आर असणार. मायनस आधीची, प्लस आली २००२ मध्ये, दुसऱ्या कंपन्यांच्या गटाकडून. प्रत्येक डिस्कच्या आतल्या कडेला, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच्या भागात, ही डिस्क कुठल्या जातीची ते लिहिलेलं असतं, त्याला बुक टाइप म्हणतात. जुना प्लेअर ते वाचतो, त्यात ओळखीचं काही दिसलं नाही की सरळ "नो डिस्क" म्हणून मोकळा. लॅपटॉपचा ड्राइव्ह सगळ्यांनाच आत घेतो, त्यामुळे लॅपटॉपवर चालते याचा अर्थ काहीच नाही.

हे मला कोणी सांगितलं असतं तर! पण मी गेलो पणजीतल्या एका सर्व्हिस सेंटरला. नाव लिहीत नाही, उगीच कटकट नको. प्लेअर मांडीवर घेऊन कदंबा बसमधून. काउंटरवरच्या मुलाने ड्रॉवरमधून त्यांची स्वतःची सिनेमाची डिस्क काढली, लावली, गाणं सुरू झालं, जॉब कार्डावर "सेट ओके" लिहिलं आणि सेट पुढे सरकवला. म्हटलं अहो, ही डिस्क घरी पण चालते, माझी लावून बघा ना, ती मी मुद्दाम आणलीय. तर म्हणे कॉपी डिस्क आम्ही लावत नाही. कॉपी कसली, आमच्या देवळाच्या मांडवातलं नाटक ते, आईचा भाऊ आहे त्यात! पण नाही. परत गेलो तेव्हा दुसराच माणूस बसलेला, त्याने झाकण न उघडताच निदान केलं, "लेन्स वायट जाल्या, बदलची पडटली", म्हणजे खराब झालीय, बदलावी लागेल. बदलली. आठवडे गेले, फोन केला की "पार्ट येवंक ना", आलाच नाही म्हणे. शेवटी बिल लावलं ते नव्या प्लेअरच्या निम्म्याहून जास्त, आणि घरी येऊन आईची डिस्क लावली तर पुन्हा "नो डिस्क". फोन केला तर उत्तर काय, तुमची डिस्कच खराब. म्हणजे जी डिस्क हातात घ्यायला तयार नव्हते ती खराब हे त्यांना फोनवर कळलं. आणि जुनी लेन्स मागितली तर म्हणे टाकून दिली. तुम्ही कुठेही काहीही बदलायला दिलंत तर काढलेला पार्ट परत पाहिजे असं पावतीवर लिहून घ्या, मिक्सर असो नाहीतर स्कूटर.

सुटलं कसं ते ऐका. शेजारच्या मुलाकडे मायनस आरच्या चार डिस्क पडून होत्या, तोच फोल्डर त्याने त्यावर बर्न करून दिला आणि प्लेअरने पहिल्या फटक्यात घेतला. नंतर त्याच पाकिटातल्या कोऱ्या प्लस आरच्या डिस्कवर इम्गबर्न नावाच्या बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बुक टाइप "डीव्हीडी-रॉम" करून बर्न केलं, त्याही चालल्या. म्हणजे दोष लेन्सचा नव्हताच. हे सेटिंग बर्न करायच्या आधी करावं लागतं, नंतर उपयोग नाही, आणि प्रत्येक रायटरला ते जमत नाही, लॅपटॉपमधल्या चपट्या ड्राइव्हना तर बऱ्याचदा नाहीच. म्हणून सोपा रस्ता, मायनस आर आणा. आरडब्ल्यू आणू नका, पुन्हापुन्हा वापरता येते म्हणून मोह होतो, पण तिच्यावरून लेझरचा उजेड फार कमी परत येतो, छापील डिस्कवरून ४५ टक्क्यांच्या वर तर आरडब्ल्यूवरून १८ ते ३०, जुन्या प्लेअरला ते झेपत नाही.

तरी पण लेन्स खरंच थकलेली असू शकते, रिपेरवाला दर वेळी लबाडच असतो असं माझं म्हणणं नाही. ते बघायची एक युक्ती आहे. विकतच्या सिनेमांच्या डिस्कमध्ये दोन थरांच्या असतात, ८.५ जीबीच्या, उजेडात धरल्या की सोनेरी झाक दिसते, लांबलचक सिनेमे बहुतेक त्यांच्यावरच. त्यांच्यावरूनही उजेड आरडब्ल्यूइतकाच कमी परत येतो. अशी एक डिस्क लावा आणि अर्ध्यानंतरचा भाग बघा, कारण तेव्हा लेझर दुसऱ्या थरावर जातो. ती शेवटपर्यंत न अडखळता चालली तर लेन्सवाल्याला हात जोडा आणि घरी या. साध्या चंदेरी छापील डिस्कवर टेस्ट करून काहीच सिद्ध होत नाही, ती कुठलाही म्हातारा प्लेअर चालवतो. तिकडच्या काउंटरवर नेमकं तेच करत होते.

प्लेअरने डिस्क घेतली तर पुढचा घोळ नाटकाच्या लांबीचा. तीन तासांचं नाटक एका डिस्कवर कोंबू नका. ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरवर ते ४.३७ दिसतं, त्यात तीन तास बसवले तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा मिळत नाहीत आणि मांडवातल्या त्या लाल-निळ्या लाइटमध्ये पात्रांची तोंडं म्हणजे नुसते चौकोन. मध्यंतराला तोडा, दोन डिस्क करा. आणि डिस्क काठोकाठ भरू नका, ४ जीबीच्या आत ठेवा, कारण ती आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरच्या कडेलाच बर्निंग कच्चं राहतं, सुरुवातीला मस्त चालतं आणि ऐन शेवटच्या प्रवेशाला चित्र अडकतं. सासरे तुम्हालाच बोलणार मग! व्हिडिओचा रेट उगाच ९ वर नेऊ नका, ६ च्या आसपास भरपूर झाला. बर्न करायचा स्पीड पाकिटावर १६ एक्स लिहिलेला असला तरी मी ८ ला करतो, काही जण ४ म्हणतात, त्यावर भांडत बसणार नाही.

मोबाईलच्या शूटिंगची वेगळी खोड असते, फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत ओठ एकीकडे, शब्द एकीकडे. आधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढा, मग डीव्हीडी स्टायलरमध्ये घ्या, दोन्ही फुकट आहेत. तिथे पाल निवडा, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, ७२० बाय ५७६, अमेरिकेची एनटीएससी नको, सासऱ्यांचा टीव्ही डबा असेल तर चित्र काळंपांढरं येईल नाहीतर वर-खाली फिरत राहील. आवाजाचा फॉरमॅट एसी-३ ठेवा.

कोणीतरी व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवरचा व्हिडिओ, करून बघा सांगेल. करू शकता, गावात अजून तियात्राच्या (कोकणी नाटकांच्या) व्हीसीडी लावणारे आहेत, पण अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडीसाठी वेगळा लेझर नव्हता आणि घरी बर्न केलेली सीडी-आर त्यांना दिसतच नाही. शिवाय चित्र ३५२ बाय २८८. नाटकाला नकोच.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका, गरम झाला की एका बाजूला वाकतो आणि डिस्क थरथरते. मार्करने लिहा. आणि आता पावसाळ्यात प्लेअर शोकेसमध्ये बंद असेल तर आपल्या इथल्या दमटपणात लेन्सवर ओल धरते, कधी बुरशीसुद्धा, ओल सुकावी म्हणून आधी अर्धा तास नुसता चालू ठेवा, मग डिस्क घाला. लेन्स पुसायचीच झाली तर प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने. ते ब्रशवाले क्लीनर सीडी मिळतात ते मला पटत नाहीत, पण ते माझं मत.

मायनस आर आता शोधावी लागते, डिस्क बनवणारी मोझर बेअर कधीच बंद झाली, म्हापशात नाहीतर मडगावात जुन्या कॉम्प्युटरवाल्याकडे विचारा, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे पण असतात. पूर्ण डबा घेऊ नका, आधी दोन सुट्या घ्या. आणि चालली-नाही चालली ते इथे लिहा, प्लेअरच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल आणि पाकिटावरचं प्लस-मायनस दोन्ही टाकून, म्हणजे पुढचं सांगता येईल.