स्टॅटिक रूट असूनही पॅकेट आरआयपीच्या वाटेनं का जातं?

प्रश्न थोडक्यात असा: १०.२०.०.०/१६ साठी (म्हणजे पहिले १६ बिट जुळणाऱ्या सगळ्या पत्त्यांसाठी) तुम्ही हाताने स्टॅटिक रूट, म्हणजे ठरलेली वाट, घातलाय. १०.२०.५.०/२४ शेजारच्या राउटरकडून आरआयपीने (राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो एक प्रोटोकॉल) आलाय. स्टॅटिकचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून आला त्यावरून त्याच्यावर किती भरवसा; आकडा लहान तो वरचढ) १, आरआयपीचा १२०, तरी १०.२०.५.९ कडचं पॅकेट आरआयपीच्याच वाटेनं जातं.

राउटर बरोबर वागतोय. तुम्ही दोन वेगळे निर्णय एकत्र केलेत. सुरुवातीला मीही तेच करायचो.

पहिला निर्णय पॅकेट यायच्या आधीच झालेला असतो: राउटिंग टेबलात, म्हणजे राउटरच्या वाटांच्या यादीत, कोणाला घ्यायचं. डिस्टन्सचं काम फक्त इथे, आणि तेही नेटवर्क आणि मास्क (/ नंतरचा आकडा) दोन्ही तंतोतंत सारखे असलेले रूट दोन ठिकाणांहून आले तरच. (१ आणि १२० हे सिस्कोचे आकडे. ज्युनिपरवर स्टॅटिक ५ असतो, तेव्हा मिश्र नेटवर्कमध्ये आकडे पाठ करून चालू नका.) दोन्ही रूट एकाच प्रोटोकॉलचे असतील तर मेट्रिक, म्हणजे वाटेचं मोजमाप, बघतात. आरआयपी नुसते हॉप (वाटेतले राउटर) मोजतो, १६ म्हणजे पोचणं अशक्य. ओएसपीएफ हा दुसरा प्रोटोकॉल लिंकच्या वेगावरून कॉस्ट मोजतो, पण सिस्कोवर त्याचा मूळ हिशोब १०० एमबीपीएस धरून असल्याने १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्ही लिंकची कॉस्ट १ च येते! तो रेफरन्स सगळ्या राउटरवर एकदमच बदलायचा असतो.

तुमचे /१६ आणि /२४ राउटरच्या लेखी दोन वेगळे रूट आहेत. त्यांची आपसात स्पर्धाच नाही, त्यामुळे दोघेही टेबलात बसले.

दुसरा निर्णय पॅकेट आल्यावर. पत्त्याशी जुळणाऱ्या नोंदींपैकी सर्वांत लांब प्रीफिक्सची (म्हणजे जास्तीत जास्त बिट जुळवणारी) नोंद घ्यायची, बस्स. ती कोणी आणली, तिचा डिस्टन्स किती, हे इथे कोणी विचारत नाही. २४ बिट जुळले, १६ वाला हरला. डिफॉल्ट रूट /० असल्यामुळे सगळ्यांशी जुळतो आणि म्हणूनच सगळ्यांत शेवटी लागतो.

हा नियम किती निष्ठुर आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिलं. यूट्यूब २०८.६५.१५२.० हा /२२ जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशातल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४ लावला, आणि तो बीजीपीतून (इंटरनेटवरची मोठी नेटवर्कं एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल) बाहेर निसटला. जगभरच्या राउटरांना /२४ जास्त नेमका वाटला, आणि यूट्यूबचा ट्रॅफिक तिकडे वळला. यूट्यूबने स्वतःही तोच /२४ जाहीर केला, पण मग प्रीफिक्स सारखा झाल्याने निवड बीजीपीच्या नेहमीच्या निकषांवर गेली: काही जण इकडे, काही तिकडे. शेवटी यूट्यूबने त्याचे दोन /२५ केले. पाकिस्तान टेलिकॉमच्या /२४ पेक्षा ते लांब, म्हणून ट्रॅफिक परत येऊ लागला.

माझ्याकडे तर एका चाचणीसाठी घातलेला /३२ (म्हणजे एकाच पत्त्याचा) स्टॅटिक काढायचा राहिला होता. फक्त एकच सर्व्हर भलत्या लिंकवरून का जातो, हे शोधण्यात अर्धा दिवस मी ओएसपीएफच्या कॉस्ट बदलत बसलो. पूर्ण टेबल वाचू नका. 'शो आयपी रूट' पुढे थेट १०.२०.५.९ टाका, म्हणजे कोणती नोंद लागते ते कळेल. सारख्याच कॉस्टच्या दोन वाटा असतील तर ट्रॅफिक हॅशवर (पॅकेटच्या पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) वाटला जातो, तेव्हा पिंग एका लिंकवरून आणि खरं सेशन दुसऱ्या लिंकवरून गेलं तरी दचकू नका.

तुमच्यासाठी उपाय: १०.२०.५.०/२४ चाच स्टॅटिक घाला. आता प्रीफिक्स सारखा, म्हणजे डिस्टन्स बघितला जाईल आणि १ जिंकेल. मात्र मध्ये स्विच असेल तर पलीकडचा राउटर मेला तरी तुमचा इंटरफेस (राउटरचं पोर्ट) अपच राहतो आणि स्टॅटिक टेबलातून हटत नाही. आरआयपीची वाट पडल्यावरच स्टॅटिक हवा असेल, तर त्याला डिस्टन्स १२१ द्या. आणि परतीची वाट समोरचा राउटर आपल्या टेबलावरून ठरवतो, ती तिकडे जाऊन वेगळी तपासा.