वाचकांचे प्रश्न : वँडल सॅव्हेज मरत का नाही?

गेल्या अंकात डीसी कॉमिक्सच्या जुन्या व्हिलन्सवर लिहिलं होतं, त्यात वँडल सॅव्हेजला जेमतेम चार ओळी मिळाल्या आणि तुमची पत्रं बघतोय तर निम्मी त्याच्याबद्दलच. म्हणून यावेळी बाकीचे सगळे बाजूला, फक्त सॅव्हेज.

दादा, मी सेकंड इयरला आहे. हा माणूस नक्की किती जुना आहे? आमच्या ग्रुपमध्ये एक म्हणतो तो ज्युलियस सीझर होता, दुसरा म्हणतो चंगेज खान. खरं काय? – एक वाचक, नेरूळ

दोघांचंही बरोबर आहे, म्हणजे सॅव्हेजच्या स्वतःच्या तोंडचं धरलं तर. साधारण ५०,००० वर्षांपूर्वी वँडर अॅड्ग नावाचा एक टोळीप्रमुख होता, क्रो-मॅग्नन माणूस, टोळीचं नाव ब्लड ट्राइब. आकाशातून एक उल्का पडली, तिच्या किरणांत हा सापडला आणि तेव्हापासून ना म्हातारा झाला ना मेला, वर डोकंही तल्लख झालं. मग पिरॅमिडवाला खुफू मीच, सीझर मीच, चंगेज मीच, समुद्री चाचा ब्लॅकबियर्डही मीच, आणि नेपोलियन, बिस्मार्कला सल्ले देणाराही मीच, अशी लांबलचक यादी तो सांगतो.

मला विचाराल तर या यादीतलं निम्मं मी फुशारकी धरतो. सीझरवर तेवीस वार झाले होते, सगळ्या रोमने त्याचं प्रेत बघितलं, आता तिथून हा गुपचूप उठून कसा गेला ते लेखकांनी सांगायला हवं ना. पण फुशारकी आहे म्हणूनच तो मला खरा वाटतो, कारण इतकं जगलेल्या माणसाला कुठे मी होतो आणि कुठे मी नुसता बघत होतो हे वेगळं आठवत तरी असेल का?

५०,००० हा आकडा नीट डोक्यात बसत नाही, तर आपलं अंबरनाथचं शिवमंदिर घे. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखावर १०६० साल, भिंतीवरच्या मूर्ती झिजून चेहरे पुसट झालेत इतकं ते आपल्याला जुनं. सॅव्हेजच्या वयाच्या मानाने ते मंदिर अगदी शेवटच्या पन्नासाव्या भागातलं, त्याच्यासाठी ते परवाचं बांधकाम.

कागदावर तो आला १९४३ मध्ये, ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्या कॉमिकच्या १० व्या अंकात. लेखक आल्फ्रेड बेस्टर, चित्रकार मार्टिन नोडेल. हाच बेस्टर पुढे सायन्स फिक्शनमध्ये मोठा झाला, कादंबरीसाठीचा पहिलावहिला ह्यूगो पुरस्कार १९५३ मध्ये त्याला मिळाला. १९४७ मध्ये सॅव्हेज इन्जस्टिस सोसायटी या व्हिलन लोकांच्या टोळीत दिसला, नंतर बरीच वर्षं गायब, आणि १९६३ मध्ये फ्लॅश या सुसाट धावणाऱ्या सुपरहिरोच्या कॉमिकच्या १३७ व्या अंकात परत. तिथे त्याने जुन्या सुपरहिरोंना कैद करून ठेवलेलं असतं आणि दोन वेगवेगळ्या समांतर पृथ्वींवरचे दोन फ्लॅश मिळून त्यांना सोडवतात. आजही तो अंक वाचायला मजा येते.

ट्रान्सहार्बर लोकलला रोज ऐरोली ते ठाणे आमचा वाद चालतो. रास अल गुल, अपोकॅलिप्स आणि सॅव्हेज, तिघेही अमर, मग फरक काय? – दोन मित्र, ऐरोली

पहिलं म्हणजे अपोकॅलिप्स मार्व्हलचा, म्हणजे दुसऱ्या कॉमिक्स कंपनीचा, १९८६ चा, प्राचीन इजिप्तमधला म्युटंट, जन्मतःच अचाट शक्ती असलेला. जो ताकदवान तोच जगेल एवढंच त्याचं म्हणणं. तो वेगळ्याच घरातला आहे, त्याला वादातून काढा.

रास अल गुल १९७१ मध्ये बॅटमॅनच्या २३२ व्या अंकात आला, डेनी ओ'नील आणि नील अॅडम्सच्या हातून. तो मुळात मरणारा माणूस आहे, लाझरस पिट नावाच्या जादुई कुंडात उतरून परत तरुण होतो, म्हणजे कुंड हातातून गेलं की खेळ खल्लास. आणि त्याला एक तत्त्व आहे, पृथ्वी वाचवायची म्हणून माणसं कमी करायची. भयंकर आहे पण तत्त्व आहे.

सॅव्हेजला कुंड लागत नाही आणि तत्त्व तर त्याच्याकडे नाहीच! गुहेत असताना शेजारच्या टोळीवर चालून जायचं, आज देशावर चालून जायचं, बास. त्याचा जुना वैरी इम्मॉर्टल मॅन, तो पण त्याच काळातला, दुसऱ्या टोळीचा. तो दरवेळी मरतो आणि नव्या शरीरात परत येतो, आणि दोघं हजारो वर्षं एकमेकांच्या मागे. मला इथे थांबून विचार करावासा वाटतो, कारण एवढा वेळ मिळूनही सॅव्हेज आतून टोळीप्रमुखच राहिला, बदलला नाही, आणि आपल्याला त्याची भीती वाटते ती यामुळेच. बुद्धी वाढली, वेळ अमाप मिळाला, पण दुसऱ्याचं काही वाटणं हे आलंच नाही.

नातवाबरोबर मी पण ही कार्टून बघतो. आपला अश्वत्थामा हाच की! परदेशी लोकांनी आपलंच उचललं का? – एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

काका, उचललं असं मी म्हणणार नाही, न मरणारा माणूस बऱ्याच ठिकाणच्या गोष्टींत सापडतो. पण तुलना मला फार आवडली. महाभारतात कृष्ण अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षं एकटं भटकण्याचा शाप देतो, कपाळावरचा मणी गेलेला, अंगाला रक्तापुवाचा वास. नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं अजून सांगतात की उंच माणूस भेटला आणि जखमेसाठी तेल मागत होता. त्याच्यासाठी न मरणं ही शिक्षा आहे आणि त्याला ते पहिल्या दिवसापासून कळतं. सॅव्हेजला ते बक्षीस वाटतं.

न मरणं ही शिक्षा आहे हे सॅव्हेजलाही कळतं अशी एकच गोष्ट माझ्या माहितीत आहे, २००३ च्या जस्टिस लीग या डीसीच्या सुपरहिरोंच्या टोळीवरच्या अॅनिमेशनमधली, दोन भागांची. सुपरमॅन ३०,००० वर्षं पुढे जाऊन पडतो, शक्ती गेलेल्या, दाढी वाढलेली. आणि सगळ्या ओसाड जगात एकच माणूस भेटतो, सॅव्हेज. बाकीची माणसं यानेच संपवलीत. तो सुपरमॅनला घरी नेतो, गप्पा मारतो, कुणीतरी बोलायला मिळालं याचा आनंद त्याला लपवता येत नाही, आणि आपण काय करून बसलो हे सरळ कबूल करतो. टाइम मशीन त्याच्याकडे असतं, पण जिथे आपण आधीच आहोत त्या काळात त्याला स्वतःला जाता येत नाही. मग तो सुपरमॅनला पाठवतो, स्वतःलाच हरवायला, हे माहीत असून की तसं झालं की आत्ताचे आपण पुसले जाणार. काका, नातवाबरोबर हे दोन भाग नक्की बघा.

मग त्याला मारायचं कसं? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

एकदा तसं दाखवलंय, डीसी वन मिलियन या कॉमिकमध्ये, १९९८, ग्रँट मॉरिसनची गोष्ट. त्यात सॅव्हेज उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ अणुस्फोटाने उडवतो, लाखो माणसं जातात. तोच सॅव्हेज ८५३ व्या शतकातही जिवंत असतो, आणि तिथून त्याला काळाच्या उलट्या दिशेने फेकलं जातं ते थेट मोंतेव्हिदेओत, स्फोटाच्या काही क्षण आधी. आपल्याच बॉम्बखाली! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून फेऱ्या मारल्या होत्या.

मुलगा बारा वर्षांचा आहे, दिवसभर हेच चालू. काय बघू द्यावं, काय नको? – एक आई, खारघर

ताई, वर सांगितलेले जस्टिस लीगचे भाग बिनधास्त दाखवा, जमलं तर सोबत बसा, कारण शेवटी तो प्रश्न विचारणार. १९६३ चा फ्लॅश पण चालेल. सॅव्हेजची मुलगी स्कँडल, २००५ पासूनच्या गोष्टींमध्ये येते, बापाला वारस हवाय आणि तिला बापाचं तोंड बघायचं नाही, लेखन जबरदस्त आहे गेल सिमोनचं, पण या गोष्टी सोळा-सतराच्या आधी देऊ नका, मारामारी फार रक्ताळ आहे आणि विषयही मोठ्यांचे आहेत.