पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांचे केस कायमचे खराब होऊ नयेत म्हणून काय काळजी घ्यावी?

कोर्स संपवून घरीच पार्लर काढताय आणि रिबॉन्डिंग (क्रीमनं केस सरळ करणं), कलर करताना कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून आधीच विचारताय, हे बरं केलंत. मी अकरा वर्षांपूर्वी हेच विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, "तू क्रीम लाव, डोकं चालवू नकोस."

तेव्हा मी पुण्यात एका पार्लरमध्ये कामाला होते. लग्न आठ दिवसांवर आलेली मुलगी रिबॉन्डिंगला आली. केस कमरेपर्यंत, काळेभोर. जरा जास्तच काळे. आधी काही केलंय का विचारलं तर म्हणाली, "छे, काहीच नाही." शेजारी आई बसलेली, ती दुसरं काय सांगणार! पण खालचे केस हाताला खरखरीत लागत होते. मी आत जाऊन मॅडमना म्हटलं, मानेमागच्या एका बटेला आधी क्रीम लावून बघूया. मॅडम म्हणाल्या, "अर्धा तास बट बघत बसलीस तर पुढच्या अपॉइंटमेंट कोण घेणार? आणि घाबरून गिऱ्हाईक उठून गेलं म्हणजे?"

लावलं क्रीम. वीस मिनिटांनी एक केस ताणून पाहिला तर तो च्युइंगगमसारखा लांबतच गेला, परत आलाच नाही. धुतले तेव्हा बेसिनमध्ये भिजलेल्या शेवयांसारखा गोळा. मग रडत रडत तिनं सांगितलं: दिवाळीत मैत्रिणीकडून ब्लीच करून हायलाइट्स काढले होते, घरी ओरडा बसला म्हणून वरून काळा कलर मारला.

रिबॉन्डिंगचं थायोग्लायकोलेटवालं क्रीम केसातले सल्फरचे बंध तोडतं आणि न्यूट्रलायझर ते सरळ आकारात पुन्हा जोडतं, हे तुम्हाला शिकवलं असेलच. ब्लीच केलेल्या केसात त्यातले बरेच आधीच गेलेले असतात. वरून कितीही काळा रंग चढवा, केस आतून पोकळच.

मॅडम तिला म्हणाल्या, "तुमचे केस मुळातच नाजूक आहेत." मी टॉवेल धरून शेजारी उभी, गप्प. पॅकेजचे पैसे आधीच भरलेले, त्यामुळे लग्नातला अंबाडाही मीच घातला. सगळा गंगावनाचा. तिचे स्वतःचे केस कानाखाली उरलेच नव्हते.

म्हणून सांगते, "आधी काही केलंय का" या प्रश्नाच्या उत्तरावर कधीच विसंबू नका. बट बघा. ओला केस थोडा ताणला जाऊन परत यायला हवा. नुसता लांबत गेला किंवा चटकन तुटला, तर त्या दिवशी फक्त शॅम्पू आणि कट. काळ्या मेंदीवर तर जास्तच संशय घ्या. काहींमध्ये धातूचे क्षार असतात आणि पेरॉक्साइड लागलं की केस गरम होतो. क्रीम मुळापासून अर्धा इंच सोडूनच. कलरमध्ये मिसळायचा ४० व्हॉल्यूमचा, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर मी स्वतःचं पार्लर काढल्यापासून आणलेलाच नाही. २० व्हॉल्यूमवर वेळ लागतो, लागू दे.

"कायमचं" म्हणाल तर, बिघडलेला केस कुठल्याही सीरमनं बरा होत नाही, तो कापायचाच. मूळ शाबूत असेल तर महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर नवा येतो. पण टाळू भाजून व्रण राहिला तर तिथे केस उगवत नाही. त्यामुळे बाईनं "आग होतेय" म्हटलं की लगेच धुवा, "थोडं होतंच" म्हणू नका. फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा, घरगुती कोरफड नको. आणि कलरची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, त्याची कानामागची टेस्ट ४८ तास आधी करतात. बटेच्या टेस्टनं ती कळत नाही.

गेल्या महिन्यात बट बघून मी एकीला नाही म्हटलं. ती उठून समोरच्या पार्लरमध्ये गेली. साडेतीन हजारांचं काम गेलं. मॅडम, कधी हे वाचलंत तर, तेवढं तुमचं खरं होतं. पण बट बघायला अर्धा तास बसून राहावं लागतं हे साफ चूक. क्रीम लावून ठेवायचं, तेवढ्यात दुसऱ्या दोघींचे आयब्रो उरकतात.