बांबू मुळासकट काढण्याआधी एकदा कंद उकरून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बेसा भागात प्लॉटच्या कुंपणाला नर्सरीतून आणून 'गोल्डन बांबू' लावला, आता शेजारी म्हणतात तो पसरून आमची भिंत फोडेल, मुळासकट काढा. तर पसरणारा बांबू ओळखायचा कसा आणि आवरायचा कसा?

शेजारी म्हणतात म्हणून काहीही काढू नका. आधी बुडाशी वीतभर उकरून कंद, म्हणजे बांबूचं जमिनीखालचं खोड, बघा.

'गोल्डन बांबू' हे नाव काही कामाचं नाही. त्या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्याच जाती विकल्या जातात. पिवळ्या कांडीवर हिरवे पट्टे असलेला जाडजूड बांबूसा व्हल्गॅरिस जागच्या जागी बेट करून राहतो. फायलोस्टॅकिस ऑरिया मूळचा चीनचा, बारीक, दाट, पडद्यासारखा दिसतो म्हणून लोक हौसेनं नेतात. हा जमिनीखालून धावतो. बहुतेक नर्सरीवाल्यांना यातला फरक माहीत नसतो, आणि ज्यांना असतो ते सांगत नाहीत.

आता भिंतीचं. माझे बाबा नोकरीनिमित्त गडचिरोलीकडे होते. तिकडून त्यांनी मानवेलीचं रोप आणलं आणि मनीषनगरच्या आमच्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात लावलं. मानवेल म्हणजे आपल्या जंगलातला भरीव बांबू, ज्याच्या लाठ्या होतात. दहा-बारा वर्षांत त्याची चांगली रांझी, म्हणजे बेट, झाली. पाडव्याला अर्ध्या गल्लीच्या गुढीची काठी आमच्याकडून जायची, आणि शेजारचे काका तर दोन न्यायचे, एक वर्षभर जाळी काढायला.

मग एका मे महिन्यात काकांच्या कंपाउंडच्या भिंतीला तिरपी भेग गेली. लेआऊटच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या बांबूनं भिंत फाडली न जी. काढून टाका." बाबा भांडणाऱ्यातले नव्हते. मी परोपरीनं सांगितलं की आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. आमच्या अंगणात मे महिन्यात जमिनीला एवढ्या भेगा पडतात की फूटपट्टी आत जाते. अशा मातीवर दीड फूट पायाची भिंत घातली तर ती फाटणारच, बांबू असो नाहीतर नसो. पण ज्याच्या घरी झाड तो गुन्हेगार, हा आपल्याकडचा नियमच आहे. बाबांनी जेसीबी बोलावला.

रांझी निघाली तेव्हा मी तिथंच उभा होतो, मुद्दाम. कंद आल्याच्या गड्ड्यासारखे एकमेकांना चिकटलेले, आखूड, वाकडे, मुठीएवढे जाड. प्रत्येक कंदाचं टोक वर वळून त्याचाच बांबू झालेला. शेवटचा कंद भिंतीपासून चांगला चार फूट अलीकडे संपला होता. भिंतीखाली गेलेला एकही नाही. मी काकांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "मुळं बारीक असतात, दिसत नाहीत." पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या भिंतीला दुसरी भेग पडली, यावेळी रस्त्याच्या बाजूला, जिथं गवताची काडीसुद्धा नव्हती. त्याबद्दल मीटिंग झाली नाही.

खरी गंमत पुढे आहे. मागच्या प्लॉटवर तीन मजली इमारत उभी राहिली, गॅलऱ्यांमधून काकांचं अंगण दिसायला लागलं, आणि आडोसा हवा म्हणून काकांनी स्वतःच 'गोल्डन बांबू' लावला. कूलरचं वाहतं पाणी त्यालाच सोडलेलं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो कदाचित मुकाट्यानं राहिला असता, पण रोज पाणी आणि भुसभुशीत केलेला वाफा मिळाल्यावर त्याला काय हवं! दोन-तीन वर्षांत आमच्या पेव्हर ब्लॉकमधून कोंब वर आले, तेही सरळ एका ओळीत. काका म्हणाले, "तुमच्याच जुन्या बांबूची मुळं राहिली असतील."

म्हणून ओळख नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला कोणी असं गुंडाळणार नाही. धावणाऱ्या जातीचा कंद बोटाएवढा बारीक, लांबलचक आणि आडवा असतो, त्याला थोड्याथोड्या अंतरावर गाठी, प्रत्येक गाठीला मुळं आणि एक डोळा. जमिनीवरची खूणही सोपी आहे. फायलोस्टॅकिसच्या प्रत्येक गाठीला दोनच फांद्या, एक मोठी एक लहान, आणि त्यांच्या वरच्या पेराला एका बाजूनं उभी खाच. बोट फिरवलं की कळते. ऑरियाच्या बुडाची काही पेरं वेडीवाकडी, जवळजवळ दाटलेली असतात. बेट करणाऱ्या जातींना गाठीला फांद्यांचा झुपका असतो. त्यांचे कोंब पावसाळ्यात आणि बेटाला लागूनच निघतात. ज्याला आपल्याकडे वास्ते म्हणून बाजारात भाजीला आणतात तेच. (भाजी करणार असाल तर आधी उकळून पाणी फेका. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो.)

मी आमच्या पेव्हर ब्लॉकखालचा कंद ओढत ओढत भिंतीपर्यंत नेला. तो भिंतीखालून काकांच्या वाफ्याकडूनच आला होता. त्याचा हातभर तुकडा आणि बाबांच्या मानवेलीचा एक कंद गॅरेजमध्ये शेजारी शेजारी ठेवलेत. कोणी विषय काढला की दाखवतो. काका बघायला आलेले नाहीत.

आवरायचं कसं. बेट करणारा निघाला तर पसरणं हा प्रश्नच नाही. दरवर्षी तीन वर्षांवरचे बांबू काढा, कडेचे नको ते कोंब लहान असतानाच मोडा. कुठला बांबू जून आणि कुठला कोवळा हे न कळलं तर बुरडाला दाखवा, तो ठोकून सांगेल आणि बांबू विकतही घेईल.

धावणारा निघाला तर कुंपणाच्या बाजूनं दोन-अडीच फूट खोल चर खणा. त्याचे कंद बहुतेक वरच्या दीड फुटातच असतात. चरात जाड एचडीपीई (चिवट प्लास्टिकची) शीट उभी लावा, वरचं टोक किंचित बाहेर झुकलेलं आणि जमिनीच्या दोन इंच वर ठेवा, म्हणजे वरून उडी मारणारा कंद डोळ्यांना दिसेल आणि कापता येईल. ताडपत्री घालू नका, तो भोसकतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात शीटच्या कडेनं फट पडते, ती पावसाआधी बुजवा आणि पावसाळा सरल्यावर चक्कर मारा. शीटच्या बाहेर जे निघून गेलंय ते कंदासकट खणून काढा. डोळ्याचा तुकडा राहिला तर पुन्हा फुटतो. जिथं खणता येत नाही तिथं दिसेल तो कोंब पानं फुटायच्या आत छाटत राहा. पानं नाहीत तर कंदाला अन्न नाही, पण याला काही मोसम लागतात. डिझेल, मीठ असलं काही ओतू नका, बांबू मरायच्या आधी माती मरते. आणि शेजाऱ्याकडचं मूळ झाड तसंच असेल तर तुमची सगळी मेहनत दरवर्षी नव्यानं.

वनखात्याच्या परवानगीची भीती कोणी घातली तर सांगा की 1927 च्या भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू 2017 च्या दुरुस्तीनं वगळला आहे.

एक मात्र मान्य. बेटवाला असला तरी भिंतीला खेटून लावला असेल तर दहा-पंधरा वर्षांत बेटाचा घेर वाढून हलक्या भिंतीला रेटा बसू शकतो. पाच-सहा फूट सोडून लावायला हवा. तुमचा किती अंतरावर आहे ते लिहिलेलं नाही. अंतर आणि गाठीजवळून काढलेला फोटो टाका, मग सांगतो.