घसा दुखत नाही, तरी स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकोकस. औषध द्यायचं का?

कोथरूडहून विचारलंय, मुलीला ताप नाही, घसा दुखत नाही, तरी स्वॅबमध्ये ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस’ आलाय, अँटिबायोटिक द्यायचं का? बहुतेक वेळा नाही. शाळकरी मुलांपैकी साधारण १० टक्क्यांच्या घशात हा जंतू नुसता वस्तीला असतो. मोठ्यांत बराच कमी. अशांकडून इतरांना लागण क्वचितच होते. मात्र घरात कुणाला र्‍हुमॅटिक फीवर (या जंतूच्या घसादुखीनंतर काहींना होणारा, हृदयालाही धक्का लावणारा आजार) होऊन हृदयाची झडप बिघडली असेल, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि हो, पुण्यात पावसाळ्यात सर्दी-खोकला घरोघरी. वाहक, म्हणजे घशात हा जंतू नुसता वस्तीला असलेल्या मुलाला साधी विषाणूची सर्दी झाली तरी टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. नाक वाहतंय, खोकला आहे, तेव्हा स्वॅबचा हट्ट धरू नका.