फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन थांबतात, फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, विंडोज परत टाकू का? त्यातले चार घेतलेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): लॅपटॉप जुना आहे, चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. गेल्या वर्षी दुकानातून फॉरमॅट मारून आणला, दोन महिने बरा चालला मग पुन्हा तेच. परत मारू का?

नको. दोन महिन्यांत दुखणं परत आलं म्हणजे ते बहुधा विंडोजमध्ये नव्हतंच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी लिहिलंय आणि काही उघडलेलं नसतानाही आकडा १०० टक्क्यांना चिकटलाय, तर फिरणाऱ्या डिस्कला आजचं विंडोज झेपत नाहीये एवढंच. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा, गुड आलं तर घाई नाही, पण पिवळं कॉशन आलं तर आधी डेटा बाहेर काढा, आजच. फॉरमॅटचे पैसे एसएसडीत (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला, आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करून घ्या.

प्रश्न (दाणा बंदर, वाशी): गाळ्यावरच्या कॉम्प्युटरला महिनाभर मधेच निळी स्क्रीन येते. टॅली, जीएसटी सगळं त्यावरच. टेक्निशियन म्हणतो सी ड्राइव्ह उडवू, डी ला हात लावणार नाही, डेटा सेफ राहील.

त्याला आधी थांबवा, कारण टॅलीप्राइमचा डेटा कोणी मुद्दाम हलवला नसेल तर सी ड्राइव्हमध्येच असतो, यूजर्स, मग पब्लिक, मग टॅलीप्राइम, त्यात डेटा नावाचं फोल्डर. डी सेफ ठेवून तुमची वर्षांची खाती वाचणार नाहीत. ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनी उघडते का हे स्वतः बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून विश्वास ठेवू नका. फॉरमॅट करायचीच वेळ आली तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा. डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती जात नाही, फक्त टोकनचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं.

आता निळी स्क्रीन. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडते, त्यात तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात. पहिली फुली कधीची आणि त्याच्या आसपास काय टाकलं ते बघा, नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, काहीही, ते काढून चार दिवस चालवा. तसं काही सापडत नसेल आणि स्क्रीन कधीही, कुठल्याही कामात येत असेल तर मला रॅमचा संशय जास्त. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक रात्री लावून ठेवा. रॅम खराब असताना विंडोज कितीही वेळा टाका, निळी स्क्रीन परत येणारच.

रॅम ठीक निघाली तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझम, मग एसएफसी स्कॅन (दोन्ही विंडोजमधल्याच कमांड) चालवायला सांगा, बिघडलेल्या सिस्टिम फाइल्स त्याने दुरुस्त होतात. तरी नाही जमलं तर चालू विंडोजमधूनच इन्स्टॉलरचं सेटअप चालवून, फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवायचा पर्याय निवडून विंडोज वरून टाकता येतं. टॅली जागच्या जागी राहते. कोरं करणं त्यानंतर.

प्रश्न (खारघर): मुलाने क्रॅकवालं व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर टाकलं, त्यानंतर अँटिव्हायरस आपोआप बंद होतो आणि त्याच्या ईमेलला अनोळखी लॉगिन आलं.

इथे मात्र फॉरमॅट मारा, आणि सगळी पार्टिशन्स डिलीट करून. असल्या मशीनवर स्कॅनमध्ये काही सापडलं नाही तरी मी विश्वास ठेवणार नाही. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवा, फोटो आणि डॉक्युमेंट्स घ्या, इन्स्टॉलरच्या फाइल्स एकही नको. पासवर्ड आत्ताच फोनवरून बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आधी ईमेल मग बँक. मुलाला ओरडू नका, पुढच्या वेळी तो सांगायला यायला हवा. (नुसत्या कोपऱ्यात जाहिराती येत असत्या तर ब्राउझरच्या नोटिफिकेशनची परवानगी काढून भागलं असतं.)

प्रश्न (घोडबंदर रोड): विंडोज १० वरून ११ वर जायचं तर कोरं करूनच जावं का?

गरज नाही. १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जा नक्की, पण मशीन नीट चालत असेल तर सरळ अपग्रेड करा. आधी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा, मशीनला ११ चालेल का ते कळतं, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. आणि विंडोज तुमचं ओरिजिनल, अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर नवीन की विकत घ्यायची नसते, डिजिटल लायसन्स त्या मशीनशीच जोडलेलं असतं, तेव्हा दुकानात द्यायच्या आधी अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो काढा आणि कीचे वेगळे पैसे मागितले तर तो दाखवा.