वाचकांचे प्रश्न : एकत्र यायचे ते कशासाठी?

प्रश्न : विकसनशील देशांतील लघुउद्योगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे. उद्योजकांच्या बैठका होतात, सामंजस्य करारांवर सह्याही होतात. मात्र पुढे काही घडत नाही, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे प्रतिस्पर्धी म्हणूनच पाहतो. सहकार्याची सुरुवात कोठून करावी? त्यापेक्षा मोठ्या कंपनीशी भागीदारी करणे सोपे नाही का?

उत्तर : आधी परस्परांत विश्वास निर्माण करा, असा सल्ला आपल्याला बहुतेकांनी दिला असेल. मला तो क्रम पटत नाही. जे प्रत्येकाला करणे भाग आहे, पण एकट्याला झेपणारे नाही, असे एखादे काम आधी हाती घ्यावे. विश्वास त्या कामातून येतो.

पाकिस्तानातील सियालकोट येथे शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत आणि भावावरून त्यांच्यात कायम चुरस असते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुणवत्तेच्या कारणावरून तेथील उपकरणांच्या आयातीवर निर्बंध घातले. कात्री-चिमट्यांचा एवढा मोठा ग्राहक हातचा जाणार, हे दिसताच कारखानदारांच्या संघटनेने सरकारची मदत घेऊन परदेशी सल्लागार आणले आणि उत्पादनपद्धती सुधारण्याचे प्रशिक्षण सभासदांना मिळवून दिले. प्रशिक्षण सामाईक होते. ग्राहक आणि भाव मात्र ज्याचे त्याने सांभाळले. पुढे याच शहरातील उद्योजकांनी स्वतःचे पैसे घालून विमानतळ उभारला आणि २००७ मध्ये तो सुरू झाला. अशा योजनेची भाषा पहिल्याच बैठकीत कोणी केली असती, तर बहुधा हसण्यावारी गेली असती.

अर्थात, संकट येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चिलीमध्ये १९९० च्या दशकात लहान उद्योगांचे गट करून प्रत्येक गटाला एक पूर्णवेळ व्यवस्थापक देण्यात आला. त्याच्या खर्चातील सरकारचा वाटा हळूहळू कमी होत जाई आणि उद्योजकांचा वाढत जाई. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पदरचे पैसे जाऊ लागले की बैठकीत कामाचेच बोलले जाते. आपल्या गटांत पाठपुरावा करणारा असा माणूस आहे का, हे आधी पाहावे. करार कागदावर राहतात ते बहुतेक वेळा तो नसल्यामुळे.

मोठ्या कंपनीमुळे तंत्रज्ञान आणि नियमित मागणी मिळते, हे खरे. परंतु सगळा माल एकाच खरेदीदाराला जाऊ लागला की भाव तोच ठरवतो. म्हणून पैसे किती दिवसांत मिळतील, नाकारलेल्या मालाचा भुर्दंड कोणी सोसायचा आणि उत्पादनासाठी बनवलेले साचे कोणाच्या मालकीचे राहतील, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. साच्यांचे कलम हटकून राहून जाते आणि खरेदीदार साचे घेऊन दुसऱ्या कारखान्याकडे गेल्यावरच त्याची आठवण होते. या अटी एकट्या कारखानदाराने मांडल्या तर ऐकल्या जाण्याची शक्यता कमी, त्यामुळे कंपनीशी बोलणी गटानेच करावीत.